परदेशातील उमेदवारी आणि मराठी अनुभवकथन

महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत अलीकडे एक लेख हमखास असतो. परदेशात शिकून आलेल्या, किंवा अद्याप तेथेच असलेल्या माजी विद्यार्थ्याचे अनुभवकथन असे त्याचे स्वरूप असते. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील मुलामुलींनी लिहिलेले असे बरेच लेख गेल्या काही वर्षांत आमच्या वाचनात आले. ते वाचताना आनंद झाला हे आधीच सांगून टाकतो. ज्या घरांत दहावीच्या पलीकडे कोणी गेले नव्हते, ज्यांच्या दारात उसाच्या बैलगाड्या आणि पुढे ट्रॅक्टर उभे राहिले, त्या घरांतील मुले जर्मनीत, आयर्लंडात, अमेरिकेत जाऊन शिकतात आणि त्याविषयी मराठीत लिहितात, ही सामान्य गोष्ट नव्हे. तरीही हे लेख एकापाठोपाठ एक वाचले की एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. ते सारे जणू एकाच माणसाने लिहिलेले असतात.

विमानतळावर आईने दिलेला लाडवांचा डबा, पहिला बर्फ, पाच जणांनी मिळून भाड्याने घेतलेली जागा, कुकरच्या शिट्टीने दचकलेला शेजारी, प्राध्यापकांना नावाने हाक मारण्याचा संकोच, रात्रपाळीला उपाहारगृहात विसळलेल्या बश्या, आणि अखेरीस झगा-टोपी घातलेले छायाचित्र. या क्रमात कोठेतरी एक वाक्य येते : ‘तेथील एका नामांकित कंपनीत सहा महिने इंटर्नशिप केली आणि खूप काही शिकायला मिळाले.’ बस्स. पुढच्या परिच्छेदात लेखक ख्रिसमसची रोषणाई पाहायला निघालेला असतो.

आमची तक्रार या एका वाक्याबद्दल आहे. बर्फाला सबंध परिच्छेद आणि सहा महिन्यांच्या कामाला ‘खूप काही’ हे दोन शब्द, हे प्रमाण आम्हांस खटकते. खूप म्हणजे किती आणि काय? कोणी शिकवले? सकाळी आल्यावर पहिले काम काय हाती दिले जाई? कोणती चूक झाली, ती कोणाच्या नजरेस आली, आणि ती कशी दुरुस्त केली? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर आम्हांस त्या लेखांत मिळाले नाही. अपवाद एका विद्यार्थिनीच्या लेखाचा. पहिले तीन आठवडे आपणांस दुसऱ्या कोणाच्या तरी तक्त्यांतील तारखा तपासण्याखेरीज काही दिले गेले नाही, असे अर्धे वाक्य तिने लिहून टाकले होते. उरलेले अर्धे वाक्य हवामानावर होते. ते पहिले अर्धे वाक्य मात्र आम्ही विसरू शकलेलो नाही.

इंटर्नशिपला मराठीत शब्द नाही अशी समजूत असेल तर ती दूर करावयास हवी. ‘उमेदवारी’ हा तो शब्द. आज तो निवडणुकीने पळवला असला, आणि उमेदवार म्हटले की फलक आणि हारतुरेच डोळ्यांपुढे येत असले, तरी जुन्या मराठीत कचेरीत, पेढीवर वा वकिलाकडे पगाराविना काम शिकत, आज ना उद्या जागा मिळेल या आशेवर राहणारा तो उमेदवार. या शब्दात उमेद आहे आणि लाचारीही आहे. इंटर्नशिप या शब्दाला जी चकाकी आहे ती उमेदवारीला नाही, आणि म्हणूनच तो शब्द अधिक खरा आहे असे आम्हांस वाटते. डोक्यावर शैक्षणिक कर्ज घेऊन परक्या देशात बिनपगारी किंवा अल्प मानधनावर राबणाऱ्या मुलाची स्थिती ‘उमेदवार’ या शब्दात जशी उमटते तशी दुसऱ्या शब्दात उमटत नाही.

हा प्रश्न केवळ वार्षिकांकांपुरता नाही. परदेशी शिक्षणाचे आपले सबंध साहित्यिक भान प्रस्थान आणि पदवी या दोन टोकांवर बेतलेले आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती, पण ते काम हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. या आयुष्यावर काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली चरित्र लिहिले. १९६८ साली श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली, पुढे नाटक झाले, २०१९ साली चित्रपटही झाला. हे सारे योग्यच झाले. परंतु त्या पदवीदान समारंभाला इंग्लंडहून मुद्दाम आलेली एक स्त्री सभागृहात बसली होती. आनंदीबाईंच्या नात्यातल्या त्या पंडिता रमाबाई. त्यांनी कोणतीही पदवी आणली नाही, आणि जे शिकून आणले ते दौंड तालुक्यातील केडगाव येथे आजही उभे आहे. आपल्या ललित साहित्याने मात्र त्यांना आनंदीबाईंइतके कधी जवळ केले नाही. धर्मांतर हे त्याचे एक कारण आहेच. पण दुसरेही एक कारण असावे. प्रस्थान, पदवी आणि मृत्यू यांची कथा होते. काम शिकणे आणि ते काम तीस वर्षे करीत राहणे यांची कथा आपल्याला लिहिता येत नाही.

रमाबाईंचे परदेशातील शिक्षण वरवर पाहता अपयशाचेच आहे. १८८२ साली पती बिपिन बिहारी मेधावी यांचे निधन झाले. त्याच वर्षी ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले, आणि १८८३ साली त्या दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. वैद्यकी शिकावी हा हेतू होता. कानांनी तो पुरा होऊ दिला नाही, त्यांना ऐकू कमी येत असे. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेज येथेच आत्महत्या केली. त्याच सप्टेंबरात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या एकीकडे गणित, विज्ञान आणि इंग्रजी वाङ्मय शिकत होत्या आणि दुसरीकडे संस्कृत शिकवीत होत्या. विद्यार्थिनी आणि शिक्षिका अशा दोन्ही नात्यांनी त्या एकाच इमारतीत वावरत होत्या, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

कारण संघर्ष नेमका तेथे सुरू झाला. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, या प्रश्नावर हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पंडितांच्या सभा गाजवल्या होत्या, तिला इंग्लंडात पुरुषांपुढे उभे राहण्याची बंदी! सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित करून १९७७ साली प्रसिद्ध झाला. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य वाचावा. त्यात एका उमेदवाराची सारी कोंडी आहे. यजमानांचे अन्न, यजमानांचे छप्पर, त्यांनीच दिलेला धर्म, आणि तरीही आपली बुद्धी गहाण न टाकण्याचा हट्ट. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हा त्यांचा प्रश्न. अंडे घातलेल्या पुडिंगाला त्या हात लावीत नाहीत, ही सिस्टर जेराल्डिन यांची तक्रार. आजच्या भाषेत सांगायचे तर ही उमेदवार सांगितलेले ऐकत नव्हती. पण ज्या गोष्टीत शिकण्यासारखे होते तेथे ती कमालीची आज्ञाधारक होती.

आनंदीबाईंच्या समारंभासाठी थोड्या काळाकरिता म्हणून अमेरिकेस गेलेल्या रमाबाई तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे पुस्तक १८८७ साली निघाले, व्याख्याने झाली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. चरित्रकार या यशावर रमतात. आम्हांस मात्र त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचे घेतलेले शिक्षण अधिक मोलाचे वाटते. पंचविशी उलटलेली, ‘सरस्वती’ ही पदवी मिळवलेली विदुषी लहान मुलांच्या शिक्षिकांमध्ये बसून लाकडी ठोकळे आणि रंगीत कागद यांनी शिकवावे कसे हे शिकत होती. सुमारे वीस हजार श्लोक मुखोद्गत असलेल्या बाईने ठोकळे हाती घ्यावेत, या चित्राकडे आपल्या लेखकांचे लक्ष का जात नाही हे एक कोडेच आहे.

त्यांचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे १८८९ सालचे पुस्तकही याच दृष्टीने पाहावे. नावात ‘प्रवासवृत्त’ आहे, पण प्रवास आरंभीच उरकला जातो. त्यापुढे राज्यव्यवस्था, घरे, शाळा, उद्योग, आणि विशेष विस्ताराने स्त्रियांच्या संस्था. सभा कशी भरते, वर्गणी कशी जमते, कामाची वाटणी कशी होते, हे त्या टिपून ठेवतात. काळ्या लोकांना आणि मूळच्या रहिवाशांना त्या देशाने कसे वागवले हेही त्या झाकत नाहीत. परक्या देशाचे कौतुक करताना डोळे उघडे ठेवण्याचा हा नमुना मराठीत सव्वाशेहून अधिक वर्षे पडून आहे, आणि आपण अजून बर्फाचेच वर्णन करीत आहोत.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. सदन पुण्यास आले, वाद पेटला, १८९३ साली रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडले, या गोष्टी सर्वश्रुत आहेत. रमाबाईंची बाजू त्या वादात सर्वस्वी निर्दोष होती असे आम्ही म्हणणार नाही. मुलींच्या धर्मांतराचा प्रश्न खरा होता आणि तो विचारणाऱ्यांत त्यांचे हितचिंतकही होते. पण नंतर दुष्काळ आला, प्लेग आला, आणि सदनाच्या मुली पुण्याबाहेर केडगावच्या माळावर गेल्या. रेल्वेच्या कडेला असलेल्या या जागेत १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली होत्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतील मुलींची भर पडली. तेथे विहिरी खोदल्या गेल्या, शेती, माग, तेलाचा घाणा, दूधदुभते सुरू झाले, आंधळ्यांसाठी शाळा निघाली आणि छापखानाही आला. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी केलेल्या मराठी बायबलचे खिळे केडगावच्या मुलींनी जुळवले. त्या भाषांतराच्या वाङ्मयीन गुणांविषयी मतभेद आहेत आणि आमचेही मत फारसे अनुकूल नाही. सोपे करण्याच्या ध्यासात ते पुष्कळ ठिकाणी सपाट झाले आहे. पण दुष्काळातून उचललेल्या मुलींनी छापखान्यात उभे राहून सबंध बायबल जुळवावे, ही गोष्ट भाषांतराच्या गुणदोषांपलीकडची आहे. ते संपूर्ण छापून झाले १९२४ साली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीच गेल्या होत्या, आणि त्याच्या आदल्या वर्षी मनोरमा. तीही अमेरिकेत शिकून परत केडगावलाच आलेली.

केडगावहून उत्तरेकडे निघाले की भीमा लागते, आणि भीमेपलीकडे शिरूर तालुका. तेथे घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव आहे, आणि दुसऱ्या एका परदेशी उमेदवारीचा माग त्या गावच्या मातीत सापडतो.

हसमुख धीरजलाल सांकळिया जन्माने मुंबईचे, मातृभाषेने गुजराती, कर्माने पुण्याचे. एम.ए.साठी त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला होता. तिसाव्या दशकात ते लंडनला गेले आणि गुजरातच्या पुरातत्त्वावर पीएच.डी. घेऊन आले. लंडनला राहून गुजरातवर प्रबंध लिहिण्यात जो विनोद आहे तो आपल्याकडच्या अनेक विद्वानांच्या वाट्याला आला आहे. असो. महत्त्वाची गोष्ट प्रबंधाबाहेर घडली. डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल या प्राचीन तटबंदीचे उत्खनन मॉर्टिमर व्हीलर आणि टेसा व्हीलर करीत होते, आणि सांकळिया तेथे शिकाऊ म्हणून काम करून आले. जमीन चौकोनांत आखणे, चौकोनांमधील बांध राखून ठेवणे, त्या बांधाच्या उभ्या कापावर मातीचे थर वाचणे, प्रत्येक खापर कोणत्या थरातून निघाले याची नोंद करणे, हे तेथले काम. ग्रंथालयात घडलेल्या माणसाला मातीचा रंग वाचायला शिकवणारी ही उमेदवारी होती. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले तेव्हा सांकळिया तेथे रुजू झाले. त्याच वर्षी इरावती कर्वेही तेथे आल्या, बर्लिनला माणसांच्या कवट्या मोजून डॉक्टरेट घेतलेल्या. एकाच संस्थेत परदेशी हातशिक्षण घेतलेली अशी दोन माणसे एका वर्षी यावीत, हा पुण्याचा भाग्ययोगच म्हणायचा.

पुढची कथा नासिक, जोर्वे, नेवासे, नावडातोली अशी जाते आणि १९६८ साली इनामगावला पोहोचते. तेथे सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या देखरेखीखाली १९८३ पर्यंत उत्खनन चालले. आमच्या मते सांकळियांच्या शिक्षणाची खरी परीक्षा येथे झाली, आणि ती गुरूच्या विरुद्ध जाऊन झाली. व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात हिंदुस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते, आणि त्यांच्या येथील कामाचा भर खोल, उभ्या छेदावर राहिला. कोणत्या थरानंतर कोणता थर, कोणत्या काळानंतर कोणता काळ, हे त्यातून उलगडते. पण त्या काळात माणसे कशी राहत होती, हे अरुंद चरातून दिसत नाही. इनामगावला जमीन आडवी, ऐसपैस उघडली गेली. सव्वाशेहून अधिक घरे निघाली. धान्याचे कोठार, पुराचा बांध आणि पाण्याचा पाट, सातूची शेती. घराच्या जमिनीखाली दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यांत पुरलेली लहान मुले, घोट्याखाली पाय तोडून पुरलेली मोठी माणसे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतील एका खेड्याचा संसार शिरूर तालुक्याने जगापुढे ठेवला. चौकोनी घरांची जागा शेवटी गोल झोपड्यांनी घेतली, म्हणजे दुष्काळ तेथेही आला होता, असा अर्थ अभ्यासकांनी लावला. पण हे दिसले ते गुरूची शिस्त पाळून आणि गुरूचा आग्रह सोडून. थर वाचण्याची सवय डॉर्सेटची, जमीन आडवी उघडण्याचा निर्णय येथला.

आणि मग प्रवाह उलटा वाहिला. इनामगावच्या सांगाड्यांचा अभ्यास सुभाष वाळिंबे यांच्याबरोबर ओरेगॉन विद्यापीठाचे जॉन ल्युकाक्स यांनी केला, त्यांचा ग्रंथ १९८६ साली निघाला. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शिरूरकरांचे दात तपासायला अमेरिकेहून माणूस आला. डेक्कन कॉलेजच्या कित्येक विद्यार्थ्यांची तर उमेदवारीच या मातीत झाली. शिरूरच्या मुलांना शाळेत कोणी हे सांगते काय, याची आम्हांस शंका आहे. इनामगाव पाठ्यपुस्तकात असते ते एका ओळीपुरते.

आमच्या या विवेचनावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. रमाबाई आणि सांकळिया परतले. परतण्यासारखे त्यांना काही होते, किंवा त्यांनी ते उभे केले. आजच्या मुलाने शिकून यावे ते कोठे? रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याच्या शिक्षणाजोगती जागा असेलच असे नाही, आणि कर्जाचा हप्ता रुपयांत कमावून फिटत नाही. हे आम्हांस मान्य आहे. न परतणाऱ्यांना बोल लावण्याचा आमचा हेतू नाही, तो अधिकारही नाही. दुसरा आक्षेप व्यावहारिक आहे. कंपन्या गुप्ततेच्या करारावर सही घेतात, कामाविषयी लिहायचे कसे? हाही मान्य. पण कंपनीचे गुपित आणि उमेदवाराचे शिकणे या दोन गोष्टी आहेत. तक्त्यात कोणत्या तारखा होत्या हे कोणी विचारीत नाही. तीन आठवडे दुसऱ्याच्या तारखा तपासताना काय वाटले, कधी चूक सापडली, ती दाखवावी की गप्प बसावे असे झाले काय, दाखवली तेव्हा वरिष्ठाने वर पाहिले काय, एवढे लिहायला कोणता करार आड येतो?

खरी अडचण आम्हा शिक्षकांचीच आहे, हेही कबूल करू. वार्षिकांकासाठी लेख मागताना आम्ही ‘प्रेरणादायी लिहा’ असे सांगतो. प्रेरणा म्हणजे विमान आणि झगा-टोपी, हे त्या मुलांना पक्के ठाऊक असते. निबंधाच्या तासाला ‘मी पाहिलेली सहल’ लिहायला आम्हीच शिकवले, आणि सहलीत काम नसते. त्यातही मुलींच्या लेखांत काम आणखी लपते. घरच्यांना काळजी वाटेल, गावात बोलणी होतील, म्हणून त्रास गाळला जातो, आणि त्रास गाळला की त्याबरोबर शिकणेही गाळले जाते. रमाबाईंनी सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांत जो राग आहे, जो तर्क आहे, तो त्यांनीही मराठी पुस्तकात आणला नाही, तो पत्रांतच राहिला. म्हणजे ही सवय जुनी आहे.

ज्या विद्यार्थिनीचे ते अर्धे वाक्य आम्ही वर सांगितले, तिला आम्ही पत्र लिहून त्या तीन आठवड्यांविषयी विचारले. तिचे उत्तर लांबलचक आले. तारखांच्या तक्त्यात तिला एक जुनी चूक सापडली होती. ती चूक तिच्या आधीच्या दोन उमेदवारांच्या नजरेतून सुटली होती. तिने ती दाखवली तेव्हा वरिष्ठ बाईंनी काही न बोलता आपली खुर्ची थोडी सरकवली आणि तिला शेजारी बसवून घेतले. चौथ्या आठवड्यापासून तिला स्वतःचे काम मिळाले. हे लेखात का लिहिले नाही, असे आम्ही विचारले. तिने लिहिले की त्यात लिहिण्यासारखे काही आहे असे तिला वाटलेच नव्हते. त्या पत्राची प्रत आम्ही पुढच्या अंकाच्या संपादकांकडे दिली आहे, तिच्या परवानगीने, हवामानाचा मजकूर वगळून.